तुलेचा गूळ

पौष उजाडला की माझं नाक अजून उत्तरेकडे वळतं. मी राहते आकुर्डीला, चौथ्या मजल्यावर. या खिडकीतून येणारे सगळे वास मला पाठ आहेत. सकाळी खालच्या टपरीवरच्या पोह्यांचा, दुपारी कुठल्याशा शेडमधल्या रंगाचा, संध्याकाळी शिफ्ट सुटली की धुराचा आणि पेट्रोलचा. तरीही हवेत गारवा आला की मी खिडकी उघडून उभी राहते आणि उकळत्या उसाच्या रसाचा वास हुंगायला बघते. तो येणार नाही हे मला ठाऊक असतं. पण नाकाला कोण समजावणार.

गेल्या आठवड्यात नातीबरोबर दवाखान्यात गेले होते. नात म्हणजे माझ्या इंदूची मुलगी, मृणाल. तळवड्याला कॉम्प्युटरवर काम करते आणि तिला सहावा महिना लागलाय. नर्सने तिच्या हातात गोड पाण्याचा मोठा ग्लास दिला आणि सांगितलं, हे सगळं प्यायचं, बसून राहायचं, मग रक्त घेऊ. मृणालने नाक मुरडलं. "आजी, किती गोड आहे हे. मळमळतंय मला. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?"

"आमच्या वेळी ग्लास नव्हता," मी म्हटलं. "आख्खी काहील होती."

काहील म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, नंतर सांगेन. तिला रांगेत पुढे बोलावलं आणि ते राहूनच गेलं. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मी थेट भामेच्या काठी जाऊन पोचते, आणि जागी होते तेव्हा जिभेवर ओल्या धुराची चव असते.

भामा ही आमची नदी. तिच्या काठी, चाकणपासून बैलगाडीने जायच्या अंतरावर, माझं सासर. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार आणि एक पडका किल्ला, एवढंच. तिथून पुण्याकडे निघालं की नुसती शेतं लागायची. पिंपरीला तेवढा औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता, आणि माझे यजमान तिथे कामाला लागले होते. आठवडाभर तिकडेच एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला सायकल मारत घरी यायचे. माझं माहेर खेडचं. वडील शाळामास्तर होते, त्यामुळे मी सातवी पास होते. सासूबाई कुणाशी माझी ओळख करून देताना "ही आमची शिकल्याली" म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे.

आत्याबाई लवकर विधवा झालेल्या. शेत, बैल, विहीर आणि गुऱ्हाळ हे सगळं त्या एकटीने ओढत. दिवाळी उलटली की मळ्यात चरक उभा राहायचा. बैल गोल फिरायचे, ऊस चिरडला जायचा, आणि रस पन्हळातून काहिलीत पडायचा. काहील म्हणजे एवढी मोठी लोखंडी कढई की तिच्यात चार माणसं पाय पसरून बसतील. खाली चुलाणात पिळलेल्या उसाची चिपाडं पेटलेली. रस आधी गढूळ, मग हिरवट, मळी काढली की सोन्यासारखा, आणि शेवटी गूळ धरायला लागला की लालसर तांबूस. आत्याबाई लांबून नुसत्या वाफेकडे बघून सांगायच्या की आता काहील उतरवा. होळीपर्यंत आमचं घर, आमचे कपडे, आमचे केस, आमची झोपसुद्धा त्या वासात मुरलेली असायची. आणि गुऱ्हाळावर आलेलं माणूस कोरड्या तोंडाने परत जायचं नाही, ही तिथली रीत होती. वाटसरू असो, शाळेतली पोरं असोत, सगळ्यांना रस, गरम गूळ, पानावर काकवी. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या अलीकडचा दाट पाक. तिचं नाव काढलं तरी माझ्या तोंडाला अजून पाणी सुटतं, आणि आता तर मी दोन वेळा साखरेची गोळी घेणारी म्हातारी आहे.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाचा हंगाम मला असाच धुरकट आठवतो. मला तहान लागायची. साधी नाही, घसा कोरडा पडून झोपेतून उठवणारी. तांब्याने पाणी प्यायचे, मग रस प्यायचे, मग पुन्हा पाणी. भूक तर विचारू नका. दुपारी चिपाडांच्या गंजीला टेकून बसले की डोळे आपोआप मिटायचे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज फिरत फिरत जवळ यायचा आणि लांब जायचा, आणि पोटातलं बाळ त्याबरोबर हलायचं. मी स्वतःशी हसायची. इतकं सुख पुन्हा कधी वाट्याला आलं नाही असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच त्या सुखाची मला थोडी भीतीही वाटते.

मला डोहाळे लागले ते काकवीचे. डोहाळे अपुरे राहिले तर पोराचे कान वाहतात असं आमच्याकडे सगळ्या मानायच्या. आत्याबाई रोज काहिलीतून पहिली वाटी माझ्यासाठी काढून ठेवायच्या. गरम भाकरी कुस्करून त्यावर काकवी ओतायच्या आणि समोर बसून खायला लावायच्या. "खा पोरी. तू न्हाई खात, त्यो खातोय." माझं पोट वाढलं, चेहरा भरला. गावातल्या बाया म्हणायच्या, हिच्या पोटात भीमच हाय. आत्याबाई फुलून जायच्या. त्यांनी भैरवनाथाला नवस बोलला की बाळंतपण सुखरूप पार पडू दे, पोराच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन. अशा तुलेत पोर जितकं जड तितका घरादाराचा मान मोठा. त्यांनी त्या वर्षीच्या गुळातल्या चांगल्या ढेपा निवडून माजघराच्या कोपऱ्यात पोत्याखाली रचून ठेवल्या होत्या.

चैत्रात मुलगा झाला. फार हाल होऊन झाला. सुईण म्हणाली, एवढं मोठं लेकरू माझ्या हातानं कधी काढलं न्हाई. गाल, दंड, मांड्या, सगळं गच्च भरलेलं. बाया दारातून डोकावून जायच्या आणि आत्याबाई त्याला झाकून ठेवायच्या, काजळाची तीट लावायच्या. बाळ झोपलेलं असायचं. रडणं नाही, दूध मागणं नाही. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, ह्याला काही चाटवायचं का?" सुईण आणि त्या दोघी हसल्या. "एवढं अंग घिऊन आलंय, त्याला भूक कशाची? पोट भरूनच आलंय ते. झोपू दे." आमच्याकडे बारक्या, किरट्या पोरालाच उठवून उठवून गुळाचं पाणी चाटवत. धष्टपुष्ट पोराला निजू द्यायचं, नाहीतर नजर लागते. अधूनमधून त्याची बोटं थरथरायची. आम्ही म्हटलं, सटवी खेळवतेय. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ते माझ्या कुशीत गार पडलं.

दृष्ट लागली असं सगळं गाव म्हणालं. मीही तेच म्हटलं, कारण दुसरं काही म्हणायला माझ्याजवळ नव्हतं. माजघरातल्या ढेपांना कुणी हात लावला नाही. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटलं, पोतं काळं पडलं, आणि मुंग्यांची एक रांग कोपऱ्यातून उंबऱ्यापर्यंत सबंध आषाढ चालू राहिली. मी ती रांग बघत बसायची. आत्याबाई त्या कोपऱ्यात झाडूही घालत नव्हत्या.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, पुन्हा गुऱ्हाळाच्याच तोंडावर. पुन्हा तहान लागायला लागली. यजमान एरवी आईपुढे तोंड न उघडणारे. पण त्या रविवारी जेवताना मान खाली घालूनच म्हणाले, "या वेळी हिला पुण्याला दाखवायचं."  आत्याबाईंनी यजमानांच्या ताटात आमटी जरा जोरातच वाढली.

पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उंच, किडकिडीत आणि कमी बोलणाऱ्या होत्या. पहिल्या बाळाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "लघवीला गेल्यावर तिथे मुंग्या येतात का?"

मी लाजले. मुंग्या येत होत्या. न्हाणीपाशी, गोठ्यामागे, पहिल्या वेळीही आल्या होत्या. पण गुऱ्हाळाच्या दिवसांत मुंग्या कुठे नसतात? दाराच्या फटीत, पाण्याच्या हंड्यापाशी, पोराटोरांच्या चड्ड्यांवर. त्या घरात मुंग्यांकडे बघून कुणाला काही कळेल अशी सोयच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि दिव्यावर उकळलं. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं तांबूस.

"साखर जाते आहे," त्या म्हणाल्या. "काही बायकांना गरोदरपणातच होतं. बाळंत झाल्यावर जातंही. पण तोवर आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाला मिळत राहते आणि ते नको इतकं वाढतं. या वेळचं बाळ हवं असेल तर गोड बंद." मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, "उपाशी राहायचं नाही. भाकरी, भाजी, डाळ, ताक, सगळं खायचं. पण गूळ, साखर, उसाचा रस नाही. भात थोडा. बटाटा थोडा."

आत्याबाई बरोबर आल्या होत्या. गूळ ऐकून त्या गप्प राहिल्या, पण बटाट्याला त्यांचा तोल गेला. "बटाटा बी न्हाई? बाई, आमी चाकणची माणसं. आमी खायचं तरी काय?"

एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मोशी मागे पडल्यावर म्हणाल्या, "तिला लेकरू हाय का, त्या बाईला?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "मग तिला डव्हाळं काय कळणार. पोराचं कान फुटलं की म्हनावं ये बघाया." आणि मग, बऱ्याच वेळाने, चाकणच्या स्टँडवर उतरताना, त्यांनी माझा हात धरला आणि तो घरापर्यंत सोडला नाही.

गुऱ्हाळावर बसून गोड न खाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. रसाचा वास अंगावर येतो, वाफ चेहऱ्यावर बसते, ओठ चाटले तरी गोड लागतात. आत्याबाई सुरुवातीला मला फसवायला बघायच्या. आमटीत गुळाचा खडा, भाजीत चिमूटभर. "एवढ्यानं काय हुतंय?" एकदा वाटीभर काकवी त्यांनी माझ्या उशाशी झाकून ठेवली. मी ती हातात घेऊन रडले. मला ती हवी होती आणि मला बाळही हवं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच पोटातून मागितल्या जात होत्या. वाटी मी वासराला चाटवली. त्याला काय, त्याचे लाड झाले.

यजमानांनी निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा आणून दिला. डॉक्टरीणबाईंनी मला तपासणी शिकवली होती: निळं राहिलं की साखर नाही. रोज सकाळी मी ओसरीवर बसून नळी कागदाच्या घडीत धरायची आणि दिव्यावर फिरवायची. आत्याबाईंना पहिल्यांदा किळस आली. "मुताचं गुऱ्हाळ मांडलंय आमच्या शिकल्यालीनं," त्या चरकावरच्या गड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. गडी हसले. मीही हसले, काय करणार.

पण उकळणाऱ्या वस्तूकडे पाठ करून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, मग शेजारी बसल्या, मग म्हणाल्या, "हलीव. हलीव म्हणते ना, तळाला लागंल." नळीतलं निळं पिवळं होताना त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. आदल्या दिवशी आमटीत गुळाचा खडा पडला होता हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी खडा पडला नाही. नळी हिरवी झाली. त्या बराच वेळ ती उजेडाला धरून बघत राहिल्या.

"गूळ न्हाई घातला तर हिरवं," त्या हळूच म्हणाल्या. "आन् घातला तर पिवळं. म्हंजी ती बाई खोटं न्हाई बोलली."

डॉक्टरीणबाईंनी जे शब्दांत सांगितलं ते त्यांना पटलं नव्हतं. रंगाने सांगितलेलं पटलं, कारण जन्मभर त्यांनी रंगावरूनच काहील उतरवली होती. त्या दिवसापासून माझं जेवण त्यांनी हातात घेतलं. हुलग्याचं माडगं, मेथी, वांगं, ताक, मुठीत मावेल एवढी भाकरी, आणि संध्याकाळी मळ्याच्या बांधावरून एक चक्कर. मी कंटाळले की माझ्या पुढे चालायच्या आणि मागे न बघता म्हणायच्या, "ये, ये. पोरगं चालाया लागल्यावर तुला बसाया मिळायचं न्हाई." आणि सकाळी नळी निळीच राहिली की त्या चरकाकडे जाताना कुणालाही न विचारता सांगायच्या, "आज निळं हाय." गड्यांना काही कळायचं नाही. ते आपले म्हणायचे, व्हय आजी.

ते निळं मला अजून दिसतं. माघातल्या सकाळी, धुकं भामेवरून उठत असताना, दिव्याच्या ज्योतीवर फिरणारी ती बारीकशी नळी. मागे मोठ्या काहिलीत पिवळंधमक उकळतंय आणि माझ्या हातात निळं. मृणालच्या दवाखान्यात आता यंत्रावर आकडा येतो. आकडा बरा आला. मला त्या आकड्याबद्दल तक्रार नाही, पण त्याच्याकडे बघून कुणी चरकापर्यंत हसत जाईल असं मला वाटत नाही.

सातव्यात डोहाळजेवण झालं. गावच्या बाया आल्या, पाटावर मला बसवलं, फुलांची वेणी घातली. ताट समोर आलं तेव्हा सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. ताटात लाडू नव्हता, पुरणपोळी नव्हती, गुळाचा सांजा नव्हता. भरलं वांगं, मेथीची भाजी, ठेचा, ताक आणि ज्वारीची भाकरी. गुऱ्हाळवालीच्या घरी, हंगामाचा नवा गूळ माजघरात रचलेला असताना.

"का गं, सुनेला गोड घालाया जड जातंय व्हय?" नात्याने आत्याबाईंची जाऊ असलेली एक बाई म्हणाली. दुसरीने पदर तोंडावर धरला. आमच्या आत्याबाईंना कंजूष म्हटलेलं कधी सहन झालं नाही. त्या गुऱ्हाळावरून आख्खा गाव तोंड गोड करून जायचा. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता उठतील आणि आतून ढेप आणून ताटात आपटतील.

त्या उठल्या नाहीत. "तुमा समद्यांस्नी लाडू हायती," त्या म्हणाल्या. "मला हिचं लेकरू हवंय." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वांग्याचा घास मला भरवला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्याने असं सगळ्यांनी समजून घेतलं.

दिवस भरायच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी मला पुण्याला बोलावून घेतलं होतं. तिथे इंदू झाली. मुलगी, आणि हलकी. पहिल्याच्या मानाने तर अगदीच नाजूक. ती रडून झाली आणि झोपायला लागली, तशी नर्सने तिच्या तळपायावर टिचकी मारून तिला जागं केलं आणि चमच्याने साखरेचं पाणी तिच्या ओठांत सोडलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग मला म्हणाली, छातीशी धरा, लगेच, चीक टाकायचा नाही.

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. सहा-सात महिने गूळ म्हणजे विष असं ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तान्ह्या पोराला साखर पाजली जात होती. "आता साखर चालती व्हय?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणाही होता.

डॉक्टरीणबाई आतच होत्या. त्या म्हणाल्या, "पोटात असेपर्यंत बाळाला आईची साखर मिळते. बाहेर आल्यावर ती एकदम बंद होते. मग त्याची साखर उतरते, ते सुस्त होतं, थरथरतं, कधी दगावतंही. मोठी बाळं तर जास्तच. ती भरलेली दिसतात, पण भुकेली असतात. त्यांना झोपू द्यायचं नसतं."

 मी आत्याबाईंकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. आम्हा दोघींना एकच चैत्र आठवत होता. मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू, असा राग आला की त्यांचं तोंड पाहू नये. एक चमचा गुळाचं पाणी. ज्या घरात वाटसरूही कोरड्या तोंडाने परत गेला नाही, त्या घरात फक्त माझं लेकरू तसं गेलं.

त्या पुढे आल्या आणि नर्सच्या हातातला चमचा त्यांनी मागून घेतला. नर्सने दिला. त्या दिवशी आणि त्यानंतरचा दिवसभर त्या इंदूपाशी बसून राहिल्या. तिचे डोळे मिटायला लागले की तळव्याला बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ माझे बाई. निजू नगं. ऊठ, साखरे." चमचा धरलेला हात पुन्हा पुन्हा तिच्या ओठांपाशी जात होता. तो हात बघता बघता माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तो गेला हे मात्र खरं, आणि पुढे कधी आला नाही.

मुलीचं नाव इंदू ठेवलं, पण आत्याबाईंच्या तोंडी ती कायम साखरीच राहिली.

पुढचं वर्ष म्हणजे इंदूच्या अंगाकडे बघून नाकं मुरडणाऱ्यांचं वर्ष. पोरीला बाळसं नाही. मनगटाला वळ्या नाहीत. दूध आटलं का गं तुझं, असं विहिरीवर विचारलं जायचं. माझीही घालमेल व्हायची. दवाखान्यात दाखवायला गेले की डॉक्टरीणबाई तिला काट्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, आपल्या चालीने वाढते आहे, कोंबू नका. आत्याबाई तिला तेल लावायच्या, पाय दुमडायच्या, पाटावर उन्हात ठेवायच्या. ती वेळेवर पालथी पडली. वेळेवर बसली. पहिला दात आला तेव्हा आत्याबाईंनी वाटीवर चमचा वाजवून तो सगळ्या आळीला ऐकवला. पावसाळ्यात तिने मुंग्यांची एक रांग पकडण्यासाठी रांगायला सुरुवात केली, त्याच माजघरात, त्याच कोपऱ्याकडे. आत्याबाईंनी तोवर तो कोपरा सारवून घेतला होता.

आणि मग पुन्हा गुऱ्हाळ पेटलं. माझी नळी तोवर कित्येक महिने निळीच होती. साखर गेली होती. ती चाळिशीनंतर परत येणार होती, मुक्कामाला, पण ते पुढचं.

राहिलेला नवस फेडायला भैरवनाथाच्या देवळापुढे चिंचेच्या फांदीला गुळाची मोठी तागडी टांगली. निम्मं गाव जमलं. आत्याबाईंनी नवी ढेप आणली होती, पिवळीधमक, हंगामातली पहिली. एका पारड्यात लाल खण घालून इंदूला बसवलं आणि दुसऱ्यात ढेप ठेवली. ढेपेचं पारडं खाली गेलं आणि इंदू वर गेली, चिंचेच्या पानांपर्यंत, आणि तिथे हसायला लागली. तुलेत असं कुणी पाहिलं नव्हतं. पोर जड पडतं आणि वर आणखी गूळ चढवावा लागतो, तीच तर मिरवायची गोष्ट. इथे गूळ काढावा लागणार होता.

आत्याबाईंनी कोयता घेतला आणि ढेपेचा एक तुकडा उडवला. पारडं हललं नाही. आणखी एक उडवला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला मान वर करवेना. कुणी म्हाताऱ्याने मागून सांगितलं, "ऱ्हाऊ द्या की वैनी, आख्खी ढेप. देवाला काय मोजून देता?" त्या थांबल्या नाहीत. जरासा जरासा करत, तासत तासत, दोन्ही पारडी अगदी समोरासमोर येईपर्यंत त्यांनी गूळ काढला. नवस पोराच्या वजनाचा होता आणि त्यांना तो तेवढाच फेडायचा होता, तसूभर जास्त नाही की कमी नाही.

"लई हलकी भरली गं पोर तुझी," डोहाळजेवणातली तीच बाई म्हणाली.

आत्याबाईंनी कोयता खाली ठेवला. हाताला लागलेला गूळ त्यांनी पदराला पुसला आणि डोलणाऱ्या पारड्यातून इंदूला उचलून कडेवर घेतलं.

"हलकी हाय," त्या म्हणाल्या. "पर हाय."

मग त्यांनी तुलेतल्या गुळाचा पहिला खडा मोडून माझ्या तोंडात घातला आणि बाकीचा वाटायला सुरुवात केली.